सात मिनिटांचा फॉर्म

अण्णांच्या डाव्या डोळ्यापुढे सावली आली त्याला सोळा दिवस झाले होते, आणि त्या सोळा दिवसांत ते नऊ वेळा डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर वेळ घ्यायला गेले होते. नऊही वेळा वेबसाइटनं त्यांना बाहेर काढलं. ती वेबसाइट मी केलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना मागाहून कळलं की ते माझ्याकडे कणवेनं बघायला लागतात, आणि त्याचा मला राग येतो.

मी जन्माची उतावीळ. लिफ्टचं बटण दोनदा दाबते, दुधाला उकळी फुटायच्या आत गॅस बंद करते, समोरच्यानं वाक्य सुरू केलं की ते मीच संपवून देते. अण्णा मला भिंगरी म्हणतात, अजूनही, माझ्या वयाची त्रेचाळिशी उलटली तरी. पण माझ्या धंद्यात ही खोड कोणी खोड समजत नाही. वेबसाइट करणारं माणूस घाईचंच हवं. पाच पानांचं काम तीन पानांत कसं होईल, दहा रकाने सहा कसे होतील, याचाच विचार मी आंघोळ करतानासुद्धा करते.

अण्णा बरोबर उलटे. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. हातात कागद आला की तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचा, मग ते औषधाच्या डबीतलं पत्रक असो नाहीतर जिन्यातली सूचना. आई म्हणायची, इमारतीला आग लागल्याची पाटी लावली तर हे आधी पाटीतल्या चुका काढतील आणि मग पळतील. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मला मात्र ते अंतर कामाच्या दिवशी फार लांब वाटायचं.

आता त्या फॉर्मविषयी. पहिल्या पानावर दिवस आणि वेळ निवडायची. दुसऱ्यावर अटी, आणि त्याखाली काय होतंय याची यादी, त्यातून एक निवडायचं. तिसऱ्यावर नाव, मोबाइल नंबर, झालं. वेळ निवडली की ती तुमच्यासाठी राखून ठेवली जाते, म्हणजे तुम्ही फॉर्म भरेपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळत नाही. सुरुवातीला ती वीस मिनिटं राखली जायची. हॉस्पिटलची तक्रार आली की लोक वेळ अडवून बसतात आणि फॉर्म सोडून जातात. मग मी आकडे काढले. माणूस सरासरी साडेतीन मिनिटांत फॉर्म भरतो. मी म्हटलं, दुप्पट देऊ, सात मिनिटं. मोठ्या मनानं दिल्यासारखी दिली.

ही सरासरी कशी काढली तेही सांगते. आमच्याकडे पद्धत अशी की पंधरा मिनिटांहून जास्त वेळ कोणाकडे वेबसाइट उघडी राहिली की तो माणूस मोजायचाच नाही. तो पान उघडं टाकून कुठेतरी गेला असणार. आम्ही अशांना 'चहाला गेलेले' म्हणतो. त्यांना आकडेवारीतून काढून टाकलं की आलेख कसा छान, सरळ दिसतो. सगळेच असं करतात. मी बारा वर्षं केलं आणि चहाला गेलेला माणूस कधी परत आला का, हे एकदाही पाहिलं नाही.

तर त्या सकाळी आमच्या ऑफिसात बैठक होती. हॉस्पिटलचे व्यवस्थापक आले होते, तीन महिन्यांचा आढावा घ्यायला. माझा जीव टांगणीला लागलेला, कारण त्यांच्या हातात आणखी दोन हॉस्पिटलं होती आणि ती आम्हाला हवी होती. मी एकदा खुर्चीवर, एकदा खिडकीपाशी, एकदा दाराशी. शंभरातले चौऱ्याण्णव जण फॉर्म पूर्ण करतात, हे मी पडद्यावर दाखवलं. व्यवस्थापक मान डोलावत होते. मग थोडं वातावरण हलकं करावं म्हणून मी एक गंमत काढली. वेबसाइटवर आलेल्या माणसाच्या माउसचा बाण कसकसा फिरला याचं रेकॉर्डिंग आमच्याकडे राहतं. माणूस दिसत नाही, त्यानं टाइप केलेलं ठिपक्यांनी झाकलेलं असतं, फक्त बाण आणि यादीतून काय निवडलं ते दिसतं. चहाला गेलेल्यांच्या ढिगातून मी आदल्या संध्याकाळी एक रेकॉर्डिंग उचललं होतं. सुरुवातीचं अर्धं मिनिटच पाहिलं होतं आणि हसले होते.

रेकॉर्डिंग सुरू झालं. दुसऱ्या पानावरच्या अटींखालून बाण सरकत होता, डावीकडून उजवीकडे, एकेका शब्दाखालून. ओळ संपली की परत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. मी बाजूला उभी राहून वर्णन करत होते: हे बघा, आपले एकमेव वाचक, अटी वाचताहेत. व्यवस्थापक खो खो हसले. आमचा प्रोग्रॅमर, ज्याला त्याच्या चौकटीच्या शर्टांमुळे सगळे चौकट म्हणतात, तो म्हणाला की या गृहस्थांना बक्षीस द्यायला हवं. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले असेन.

बाण सातव्या अटीपाशी थांबला. मग वर गेला, चौथ्या अटीपाशी. मग परत सातवीपाशी. पुन्हा चौथी. पुन्हा सातवी.

माझं हसू तिथेच राहिलं. गेल्या मंगळवारी अण्णांचा फोन आला होता. तुमच्या चौथ्या अटीत म्हटलंय सोबत एक माणूस आणा, आणि सातवीत म्हटलंय कोणालाही आणू नका, मग नक्की करायचं काय, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, अण्णा, अटी कोण वाचतं, मी कामात आहे. ते 'बरं' म्हणाले आणि क्षणभर तसेच फोनवर राहिले. मला वाटलं त्यांना फोन बंद करायचं बटण सापडत नसेल, म्हणून मीच केला. तुम्हाला हॉस्पिटलची वेबसाइट कशाला लागली, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटलं, लेकीचं काम म्हणून सहज चाळत असतील. अण्णांनी आयुष्यात काही सहज चाळलेलं नाही, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

पडद्यावर तारीख होती. मंगळवारचीच. बाण आता यादीवर गेला, सावकाश खाली सरकला आणि एका ओळीवर थांबला: डोळ्यासमोर सावली किंवा पडदा आल्यासारखे वाटणे. ती निवडली गेली, आणि पुढच्या सेकंदाला पान पुसलं जाऊन पहिलं पान आलं. सात मिनिटं झाली होती. बाण त्या कोऱ्या पहिल्या पानावर बराच वेळ नुसता थांबून राहिला. व्यवस्थापक अजून हसतच होते.

मी चौकटला म्हटलं, हा माणूस किती वेळा आलाय बघ. त्यानं विचारलं, आत्ता? मी ओरडलेच असेन, कारण तो लगेच शोधायला लागला. नऊ वेळा. पहिल्यांदा कधी? सोळा दिवसांपूर्वी. माझे वडील आहेत ते, एवढं म्हणून मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. लिफ्टची वाट पाहवेना म्हणून सहा मजले जिन्यानं उतरले.

रस्त्यात टॅक्सीवाला प्रत्येक सिग्नलला शहाण्यासारखा थांबत होता आणि मी मागच्या सीटवर नखं कुरतडत होते. ती यादी मीच लिहिली होती, हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना विचारून. सावलीच्या ओळीबद्दल त्या म्हणाल्या होत्या की असं कोणाला झालं तर त्यानं वेळबीळ न घेता त्याच दिवशी सरळ यायला हवं, आतला पडदा सुटत असतो. आम्ही तशी सूचना लाल अक्षरात पहिल्या पानावर टाकली होती. मग आकडे आले की लाल अक्षरं बघून लोक घाबरतात आणि पान बंद करतात. म्हणून मी ती शेवटी नेली, फॉर्म भरून झाल्यावर दिसेल अशी, फिक्या निळ्या रंगात. म्हणजे अण्णांना वेळ घ्यायची गरजच नव्हती. ते कुठल्याही दिवशी उठून जाऊ शकले असते. हे त्यांना जिथे कळणार होतं, तिथवर मी त्यांना पोचू दिलं नाही. त्यांनी फोन केला असता तर? फोनवर तर रेकॉर्ड केलेली बाई सांगते की वेबसाइटवर जा. त्या बाईचं वाक्यही मीच लिहिलेलं.

अण्णा कॉम्प्युटरसमोरच बसले होते. डाव्या डोळ्यावर चष्म्याच्या काचेत घडी केलेला कागद अडकवलेला, शेजारी मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं. मी दारातून आत आले तरी त्यांनी मान वळवली नाही, नुसता हात वर केला.

"थांब जरा. दुसरं पान आलंय. सातच मिनिटं देतात."

"ती मीच ठेवलीत, अण्णा. उठा."

ते उठले नाहीत. म्हणाले, आता तिसऱ्या अटीपर्यंत आलोय. मी म्हटलं, या अटी तुम्ही नऊ वेळा वाचल्यात. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी ते छापखान्यातल्या नवशिक्यांकडे पाहत असणार. खाली चौकोन आहे ना, म्हणाले, सर्व अटी वाचल्या आहेत आणि मान्य आहेत असा, मग न वाचता तसं कसं लिहून द्यायचं? आणि काल वाचल्या म्हणून आज त्याच असतील कशावरून? मला एकाच वेळी त्यांना मिठी मारावी आणि गदागदा हलवावं असं वाटलं. शेवटी मी स्क्रीन बंद केला आणि त्यांच्या चपला पुढे ठेवल्या.

हॉस्पिटलात त्यांना ताबडतोब आत घेतलं. दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या व्हायला. मग डॉक्टरीणबाई आल्या, त्याच, यादीवाल्या. त्यांनी मला ओळखलं, हसल्या, आणि अण्णांच्या डोळ्यात दिवा धरल्यावर त्यांचं हसू गेलं. सावली कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, दोन-तीन दिवस.

मी म्हटलं, सोळा.

डॉक्टरीणबाई दिवा बाजूला ठेवून अण्णांसमोर बसल्या. आवाज चढवला नाही, पण रागावल्या होत्या. आता तर वेळ घेणं किती सोपं झालंय, म्हणाल्या, घरबसल्या तीन-चार मिनिटांचं काम, आणि तुमच्या घरात तर हे करणारं माणूस आहे, मग असं अंगावर का काढलंत?

"आळस हो," अण्णा म्हणाले. "म्हातारपणचा आळस. दुसरं काही नाही."

आणि ते हसले. अख्ख्या आयुष्यात ज्या माणसानं एक दिवस आळस केला नाही, तो माझ्यासमोर बसून, मला वाचवायला, स्वतःवर आळसाचा आळ घेत होता. नर्सनं कागदावर लिहायला सुरुवात केली. मला ते सहन झालं नाही.

"आळस नाही," मी म्हटलं. "ते नऊ वेळा वेळ घ्यायला आले होते. मी केलेल्या फॉर्मनं त्यांना नऊही वेळा हाकललं. तुमच्या कागदावर तसं लिहा."

डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे. त्यांना बोलत बसायला वेळ नव्हता. आतला पडदा मधोमध सुटला आहे, त्या म्हणाल्या, पहिल्या तीन-चार दिवसांत आला असता तर मधला भाग वाचला असता. आजच शस्त्रक्रिया करायची, पडदा परत बसवू, माणसं दिसतील, चालता-फिरता येईल. पुढचं नंतर बोलू. एवढं बोलून त्या तयारीला गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. म्हणजे अण्णा बसले, मी फेऱ्या मारत होते. ते खरोखरच चिडले होते. चारचौघांत स्वतःची शोभा करून घ्यायची काय गरज होती, म्हणाले, उद्या हे लोक तुला काम देतील का? मी म्हटलं, कामाचं राहू द्या, तुम्ही मला सांगितलं का नाही?

मोठ्या झालेल्या बाहुल्यांमुळे त्यांना मी नीट दिसत नसणार, पण तोंड त्यांनी माझ्याकडेच केलं होतं.

"अख्ख्या इमारतीला सांगून बसलो होतो," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं केलंय, इतकं सोपं की कोणालाही जमेल. मग मलाच जमत नाही हे कोणत्या तोंडानं सांगू? तुला फोन केला होता एकदा. पण तू घाईत होतीस."

मी खूप रडले असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मला रडू येत नव्हतं, नुसती चीड येत होती, स्वतःची, आणि पायांना चैन नव्हतं. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन चौकटला फोन लावला. सात मिनिटं काढ, म्हटलं, आत्ताच्या आत्ता, आणि ती सूचना पहिल्या पानावर आण, लाल करून. त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. मग मी म्हटलं, चहाला गेलेल्यांमध्ये सावलीची ओळ किती जणांनी निवडली होती ते काढ. तो म्हणाला, काढलंय आधीच, तू गेल्यावर. तुझे वडील सोडून एकवीस.

"फोन कर त्यांना," मी म्हटलं. "एकेकाला."

"नंबर नाहीत," तो म्हणाला. "नंबर आपण तिसऱ्या पानावर विचारतो."

कुठल्या तरी एकवीस घरांत माणसं आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून बसली होती. त्यांच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे काहीही नव्हतं. चौकट म्हणाला की तो व्यवस्थापकांना घेऊन बसलाय, वेबसाइटवर जाहीर सूचना टाकतोय, वर्तमानपत्रातही देऊ म्हणतोय. मी हो म्हटलं. त्यानं 'अण्णा कसे आहेत' विचारलं, तेव्हा आजच शस्त्रक्रिया आहे एवढं सांगून मी फोन ठेवला.

परत आले तेव्हा नर्स संमतीचे कागद घेऊन उभी होती. चार पानं, बारीक अक्षर. इथे, इथे आणि इथे सही करा, म्हणाली, आत सगळे थांबलेत. अण्णांनी कागद उजव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. थेंबांमुळे त्यांना एक अक्षर लागेना. त्यांनी कधी कोणाकडून काही वाचून घेतल्याचं मला आठवत नाही. कागद माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. माझ्या वेगानं. पहिलं पान संपवलं, दुसरं घेतलं. नर्स घड्याळ बघत होती. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य आलं, ते मी डोळ्यांनी वाचलं आणि तोंडानं ओलांडून पुढच्यावर गेले. घाईमुळे ओलांडलं असं मी म्हणू शकते. पण ते खरं नाही.

"थांब," अण्णा म्हणाले. "मधलं गाळलंस."

मी म्हटलं, काही नाही अण्णा, असंच काहीतरी होतं.

"'तरीही मी संमती देत आहे,' असं वाचलंस. कशाला तरीही? आधीचं वाक्य कुठाय?"

नर्स म्हणाली की आजोबा, सही करा, उशीर होतोय. अण्णांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, डोळे मिटून ते वाट बघत बसले. मी त्यांच्या शेजारी बाकावर स्वस्थ बसले, त्या दिवसात पहिल्यांदा, आणि ते वाक्य वाचलं. शस्त्रक्रियेनंतर छापील मजकूर वाचता येण्याइतकी दृष्टी त्या डोळ्यास परत येण्याची शक्यता फारच कमी आहे, हे मला समजावून सांगण्यात आले आहे.

बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या चाकांचा आवाज कॉरिडॉरभर झाला आणि गेला.

"पुन्हा एकदा," अण्णा म्हणाले. "सावकाश."

मी पुन्हा वाचलं.

"हं," ते म्हणाले. "आता पुढे."